रात्री तीनचा फोन आणि माझं इथलं पहिलं मत

मृण्मयी_पेन
२ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७.५०

मंडळी, काल रात्री उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स आणि वॉल्झ यांची टीव्हीवरची चर्चा कोणी पाहिली का? मी पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय.

आधी थोडं माझ्याबद्दल. सोळा वर्षं पेन्सिल्व्हेनियात काढल्यावर यंदा मार्चमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. म्हणजे ५ नोव्हेंबरला या देशातलं माझं पहिलं मत, तेही अशा राज्यात की दर दोन दिवसांनी कोणीतरी पत्रक घेऊन दारात उभं असतं. कर, आरोग्यविमा, इमिग्रेशन यांवर मला ठाम मतं आहेत, कारण तिन्हींचे चटके खाऊन झालेत. युद्ध म्हटलं की मात्र माझी पाटी कोरी.

काल पहिलाच प्रश्न त्यावर आला. इराणने त्याच दिवशी इस्रायलवर १८० च्या आसपास क्षेपणास्त्रं सोडली होती. उद्या इस्रायलने इराणवर आधीच हल्ला करायचा ठरवला तर तुम्ही पाठिंबा द्याल की विरोध कराल? उत्तराला दोन मिनिटं. वॉल्झ अडखळले, एका जागी तर इराणऐवजी इस्रायल म्हणून गेले. व्हान्स यांनी आधी आपलं बालपण सांगितलं आणि वेळ संपता संपता ‘ते इस्रायलने ठरवायचं’ म्हणून मोकळे झाले. माझा मुलगा अकरावीत आहे, सरकार हा विषय घेतलाय, त्यामुळे वही घेऊन बसला होता. त्याने दोघांना दहापैकी चार-चार दिले. मी विचारलं, कशाचे रे? म्हणाला, ‘सरसेनापतीपणाचे.’

हसले मी. पण मग आठवलं, नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी जे शंभर प्रश्न पाठ केले त्यात हा होताच: सैन्याचा सरसेनापती कोण? उत्तर: अध्यक्ष. तेव्हा घोकून टाकलं, पुढे गेले. आता त्या एका शब्दाच्या उत्तरासाठी माणूस निवडायची वेळ माझ्यावर आलीय आणि मुलाच्या वहीखेरीज माझ्याकडे काही साधन नाही.

तर जाणकारांनो, प्रचार चालू असताना बाहेर कुठेतरी भडका उडतो, उमेदवार त्यावर काहीतरी बोलतात, आणि सगळे म्हणतात ‘ही खरी कसोटी’. असं झालंय का कधी, की त्या कसोटीत जे दिसलं तेच पुढे त्या माणसाने खुर्चीत बसून केलं? का हा सगळा टीव्हीचा खेळ? कोणाला मत देऊ हे विचारत नाहीये, ते कृपया सांगूही नका. कालच्या चर्चेतले दोघंही वर्दी घालून आलेले, एक नॅशनल गार्डमधून आणि एक मरीन्समधून. ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्या दोघांनी, म्हणजे ट्रम्प आणि हॅरिस यांनी, वर्दी घातलेलीच नाही. याचाही काय अर्थ लावायचा?


उंबरठा
२ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

टीव्हीचा खेळ. विषय संपला.

१९९१ मध्ये थोरल्या बुशनी कुवेत मोकळं केलं, गॅलपच्या चाचणीत लोकप्रियता ८९ टक्क्यांवर गेली. यापेक्षा मोठी कसोटी आणि यापेक्षा चांगले गुण कोणाला मिळणार? दीड वर्षाने ३७ टक्के मतं घेऊन घरी गेले. लोकांनी पाकीट चाचपलं आणि मत दिलं. तुम्हीही तेच कराल, फक्त आत्ता कबूल करायला जड जातंय.


गुंगी
२ ऑक्टोबर, दुपारी १.४०

उंबरठा, लोक कशावर मत देतात हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण मृण्मयी विचारतेय की तिने काय बघावं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मृण्मयी, मी तीस वर्षं भूल द्यायचं काम केलं, त्यातली शेवटची अकरा माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यामुळे परराष्ट्र धोरणातलं नाही, तरी रात्री तीनच्या फोनमधलं मला थोडंफार कळतं.

‘रात्री तीनचा फोन’ ही तुला ठाऊक असेल ती जाहिरात. २९ फेब्रुवारी २००८, टेक्ससच्या प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला) चार दिवस उरलेले. मुलं गाढ झोपलीत, व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय, जगात काहीतरी घडलंय, फोन कोणी उचलावा असं तुम्हाला वाटतं? हिलरी क्लिंटन यांनी ओबामांविरुद्ध काढली होती. आमच्या ड्युटीरूममध्ये ती लागली तेव्हा रात्रपाळीची सिनियर नर्स चहा ढवळत म्हणाली, ‘उचलायला काय लागतं? फोन करायचा की नाही हे जिला ठरवावं लागतं तिची जाहिरात काढा.’

आम्ही खूप हसलो, कारण आमचं रोजचं दुखणंच ते. नव्या डॉक्टरला रात्री सगळ्यात अवघड काय जातं, तर वरच्याला उठवायचं का हे ठरवणं. उगाच उठवलं तर बोलणी, आणि न उठवता काही झालं तर जन्माची टोचणी.

नंतर निवृत्तीत वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की व्हाइट हाउसमध्येही हेच चालतं. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं बसवली जाताहेत हे केनेडींच्या सुरक्षा सल्लागाराला, मॅकजॉर्ज बंडी यांना, १५ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री कळलं. केनेडी प्रचाराच्या सभा करून उशिरा परतले होते. बंडींनी त्यांना उठवलं नाही! त्यांचा हिशेब असा की रात्रीत करण्यासारखं काही नाही, आणि उद्यापासून या माणसाला झोप मिळणार नाही. सकाळी त्यांच्या झोपायच्या खोलीत जाऊन बातमी सांगितली. पुढचे तेरा दिवस काय झालं ते जगाला माहीत आहे.

रेगनच्या वेळचा किस्सा आणखी मजेदार. ऑगस्ट १९८१ मध्ये सिद्राच्या आखातावर अमेरिकन नौदलाच्या विमानांनी लिबियाची दोन विमानं पाडली. रेगन कॅलिफोर्नियात झोपलेले. त्यांचे सल्लागार एड मीस यांनी पाच तासांहून जास्त वेळ त्यांना उठवलंच नाही. गदारोळ झाला तेव्हा रेगन म्हणाले, आपली विमानं पडली असती तर लगेच उठवलं असतं, त्यांची पडली तर मला कशाला उठवायचं?

आणि खरोखर तीन वाजताचा फोन? तो आला कार्टरच्या सुरक्षा सल्लागाराला, ब्रेझिन्स्कींना. २,२०० सोव्हिएत क्षेपणास्त्रं निघालीत म्हणून. त्यांनी शेजारी झोपलेल्या बायकोलाही उठवलं नाही. सगळेच अर्ध्या तासात मरणार तर कशाला, असा विचार. अध्यक्षांना फोन लावणार एवढ्यात पुन्हा फोन: संगणकाची चूक होती. कार्टर झोपलेलेच राहिले.

म्हणून मी उमेदवाराच्या तोंडाकडे कमी आणि त्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्यांकडे जास्त बघते. उमेदवार असताना त्याच्या हातात सैन्य नसतं, गुप्त अहवाल जेमतेम असतात (ट्रूमन यांनी १९५२ मध्ये उमेदवारांना माहिती देण्याची पद्धत सुरू केली, पण ती माहिती म्हणजे आम्ही नातेवाईकांना बाहेर येऊन सांगतो तेवढीच). हातात असतं ते फक्त बोलणं, आणि कानाशी कोण लागलंय ते.

तुझ्याच राज्यातलं उदाहरण देते. ८ ऑगस्ट २००८. बीजिंगला ऑलिम्पिकचं उद्घाटन, धाकटे बुश तिथे. ओबामा सुट्टीसाठी हवाईला. इकडे रशियाशेजारच्या जॉर्जिया या देशाच्या सैन्याने दक्षिण ओसेशिया या फुटू पाहणाऱ्या प्रांतात त्स्खिनवालीवर मारा केला आणि रशियाचे रणगाडे रोकीच्या बोगद्यातून खाली उतरले. ओबामांचं पहिलं निवेदन: दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. बुश यांचं व्हाइट हाउसही सुरुवातीला साधारण तेच म्हणत होतं. ओबामांसमोरचे उमेदवार जॉन मकेन यांचं: रशियाने ताबडतोब, विनाअट मागे फिरावं. १२ तारखेला तुमच्या पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या सभेत मकेन म्हणाले, ‘आज आपण सारे जॉर्जियन आहोत.’ तोवर ओबामांचाही आवाज चढला होता. वर्तमानपत्रांनी पहिल्या फेरीचे गुण मकेनना दिले.

पण मकेनच्या शेजारी कोण होतं? रँडी शूनमन, त्यांचे परराष्ट्र विषयाचे मुख्य सल्लागार. हे गृहस्थ आधी जॉर्जिया सरकारसाठीच वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग करत होते. मकेन विकले गेले होते असं मी अजिबात म्हणत नाही. त्या माणसाला तो भाग शूनमनच्या आधीपासून माहीत होता आणि पुतिनबद्दलचं त्यांचं मत जुनंच. पण आजारी माणसाची केस सांगणाराच त्याचा वकील असेल तर मी दुसरं मत मागवीन.

दुसरं म्हणजे डोस. ‘आपण सारे जॉर्जियन’ म्हणणारे मकेनही सैन्य पाठवा असं म्हणत नव्हते. मग वाक्य एवढं मोठं का? शस्त्रसंधी शेवटी फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांनी मॉस्को-तिबिलिसी हेलपाटे घालून घडवला. आमचे सर सांगायचे, जे औषध दिल्यावर परत काढून घेता येत नाही ते थेंबाथेंबाने द्या. ओबामांचा डोस कमी पडला असेल, मकेनचा जास्त झाला, आणि महिन्याभरात लीमन ब्रदर्स ही बँक बुडाल्यावर दोघांचेही डोस कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.


तळटीप
२ ऑक्टोबर, रात्री ९.०५

गुंगीताई, प्रतिसाद आवडला. त्यात माझी भर, थोडी कडवट.

मृण्मयी यांचा प्रश्न आहे की प्रचारात दिसलं तेच पुढे झालं का. केनेडींचंच घ्या, पण दोन वर्षं मागे जाऊन. ऑक्टोबर १९६०. केनेडींच्या प्रचाराने जाहीर केलं की कॅस्ट्रोविरुद्ध लढणाऱ्या क्यूबन निर्वासितांना अमेरिकेने मदत करायला हवी, आयझेनहॉवर सरकार काहीच करत नाही. गंमत अशी की सरकार नेमकं तेच करत होतं, गुपचूप. उपाध्यक्ष आणि केनेडींसमोरचे उमेदवार निक्सन यांना ते ठाऊक होतं, त्यांचा पाठिंबाही होता. आता चर्चेत काय बोलणार? गुपित राखायचं म्हणून निक्सन टीव्हीवर चक्क उलट बोलले: केनेडींची सूचना धोकादायक आणि बेजबाबदार आहे! म्हणजे त्या रात्री ज्याला माहीत होतं तो खोटं बोलला आणि जो कणखर दिसला त्याला स्वतःच्या बोलण्याची किंमत माहीत नव्हती. प्रेक्षकांनी गुण कोणाला द्यायचे?

पुढे एप्रिल १९६१. केनेडी अध्यक्ष, तीच योजना टेबलावर. ‘मदत करा’ म्हणून गर्जना केलेल्या माणसाला ती रद्द करणं किती सोपं गेलं असेल याची कल्पना करा. १,४०० च्या आसपास निर्वासित क्यूबातल्या बे ऑफ पिग्जला उतरले, शंभरावर मेले, सुमारे १,२०० पकडले गेले. दीड वर्षाने हाच माणूस क्षेपणास्त्रांच्या वेळी सेनाधिकाऱ्यांचा हवाई हल्ल्याचा सल्ला बाजूला ठेवून नाकेबंदीवर थांबला. अध्यक्ष तोच. मधे काय झालं, तर एकदा सपाटून आपटला होता.

आणि केनेडींनंतरचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन. ऑगस्ट १९६४, व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात अमेरिकन विनाशिकांवर हल्ला झाल्याची बातमी, त्यातला ४ तारखेचा हल्ला झालाच नव्हता हे आज माहीत आहे. काँग्रेसने अध्यक्षांना मोकळीक दिली: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. समोर उमेदवार गोल्डवॉटर, ज्यांना जॉन्सनच्या जाहिरातींनी अणुबाँबवेडा ठरवलं. २१ ऑक्टोबरला ओहायोत, ॲक्रनला, जॉन्सन म्हणाले की आशियाई मुलांनी जे स्वतः करायला हवं ते करायला आम्ही अमेरिकन मुलांना नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही. ८ मार्च १९६५ ला मरीन्स व्हिएतनाममध्ये दानांगला उतरले. लोकांनी संयमी म्हणून निवडलेल्या माणसाने पाठवलेल्या सैन्याचा आकडा १९६८ पर्यंत पाच लाखांवर गेला.

धाकटे बुश ऑक्टोबर २००० च्या चर्चेत म्हणत होते की अमेरिकेने जगात नम्रपणे वागावं, दुसऱ्यांची राष्ट्रं उभारत बसू नये. दुसऱ्याच दिवशी येमेनमध्ये एडनला यूएसएस कोल या अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला झाला, १७ नौसैनिक गेले. पुढचं अफगाणिस्तान आणि इराक सांगायला नको.

तेव्हा मृण्मयीताई, माझं उत्तर ‘नाही’. अपवाद एक: आयझेनहॉवर. १९५२ मध्ये डेट्रॉइटला ते एवढंच म्हणाले की मी कोरियाला जाईन. तिथे जाऊन काय करणार हे सांगितलं नाही. निवडून आले, डिसेंबरमध्ये गेले, जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाला. आणि १९५६ मध्ये तर मतदानाच्या ऐन आठवड्यात एकीकडे इजिप्तमध्ये सुवेझ कालव्याचा पेच, दुसरीकडे हंगेरीत बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे. ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल हे तिन्ही मित्र सुवेझवर चालून गेले असताना या माणसाने मतांची पर्वा न करता त्यांना मागे खेचलं, आणि हंगेरीत मात्र हात घातला नाही. ते बरोबर की चूक यावर अजून वाद होतात. पण काही सिद्ध करून दाखवायची घाई नव्हती.


सडेतोड_नाना
३ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

सगळे ओबामांना सांभाळून घेताहेत, म्हणून थोडं पाणी ढवळतो.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये मकेनच्या जोडीच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन म्हणाल्या होत्या की जॉर्जियाच्या वेळी ओबामांनी जी कचखाऊ भूमिका घेतली ती बघून पुतिन उद्या युक्रेनमध्ये घुसतील. सगळे शहाणे खो-खो हसले. २०१२ च्या चर्चेत ओबामांसमोरचे उमेदवार रोम्नी रशियाला अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा भूराजकीय शत्रू म्हटल्याबद्दल ओबामांचे टोमणे खात होते: ऐंशीचं दशक आपलं परराष्ट्र धोरण परत मागतंय म्हणे. टाळ्याखाऊ वाक्य. सतरा महिन्यांनी युक्रेनच्या हातून क्रिमिया गेला.

म्हणजे पहिल्या दिवशी कोण काय बोललं यावरून कळतं. ज्यांना बघायचं नव्हतं त्यांना कळलं नाही, इतकंच. गुंगीताईंचा ‘डोस’ वगैरे ऐकायला छान आहे, पण रोगनिदानच चुकलं असेल तर थेंबाथेंबाने देऊन काय उपयोग?


तळटीप
३ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

नाना, निदानाचा मुद्दा मान्य. पण मग त्याच रोम्नींचं त्याच वर्षीचं बेनगाझी (लिबियातल्या अमेरिकन कचेरीवरचा हल्ला) बघा. ११ सप्टेंबर २०१२ च्या रात्री, राजदूत स्टीव्हन्स यांच्या मृत्यूची बातमी पक्की व्हायच्या आधीच, रोम्नींच्या प्रचाराने ओबामांवर टीका करणारं निवेदन काढलं. सकाळी कळलं की चार अमेरिकन गेलेत, आणि स्वपक्षातलेही कानकोंडे झाले. रशियाबद्दल त्यांचं निदान बरोबर होतं, आणि हातात सुरी मिळताच घाई केली तीही त्यांनीच. एकाच माणसाकडे दोन्ही असू शकतं.

शिवाय जॉर्जियाच्या वेळी गादीवर ओबामा नव्हते, बुश होते. पुतिननी धडा घेतला असेल तर तो बुशकडून.


सडेतोड_नाना
३ ऑक्टोबर, सकाळी ८.२५

शेवटचं वाक्य मान्य करतो. लिहून ठेवा, मी रोज मान्य करत नाही.


मृण्मयी_पेन
३ ऑक्टोबर, रात्री १०.२०

बापरे, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलाला सगळं वाचून दाखवलं, मराठी वाचताना तो अडखळतो पण ऐकून समजतं. निक्सन-केनेडीच्या गोष्टीवर तो उठून उभाच राहिला. ‘म्हणजे मार्क कशाला द्यायचे?’ मी म्हटलं, तेच तर विचारलंय सगळ्यांना.

गुंगीताई, यॉर्क आमच्यापासून चाळीस मिनिटांवर. २००८ च्या ऑगस्टमध्ये मी नुकती या देशात आले होते, ती सभा बातम्यांत दाखवली असणार, पण तेव्हा मी दूध कुठलं घ्यायचं या विवंचनेत होते. इथे दुधाचे इतके प्रकार का असतात हे अजून कळलेलं नाही.

वर्दीबद्दल कोणी बोललं नाही. शेजारचे आजोबा म्हणतात की ज्याने बंदूक धरली नाही त्याने दुसऱ्यांच्या मुलांना पाठवू नये. ऐकायला पटतं. तुमचं काय मत? तुम्ही तर त्या मुलांना, म्हणजे आता आजोबा झालेल्या मुलांना, रोज बघत होतात.


गुंगी
४ ऑक्टोबर, सकाळी ११.००

आजोबांचं वाक्य मलाही पटायचं. मग एकदा मोजलं. थोरले बुश, पॅसिफिकमध्ये विमान पाडलं गेलेले, हरले क्लिंटनकडून, ज्यांनी व्हिएतनामची सक्तीची भरती टाळली. बॉब डोल, इटलीत जखमी होऊन उजवा हात कायमचा अधू झालेले, हरले त्याच क्लिंटनकडून. गोर व्हिएतनामला जाऊन आलेले, केरी तिथून पदकं घेऊन आलेले, दोघंही हरले धाकट्या बुशकडून, जे टेक्ससच्या एअर नॅशनल गार्डमध्ये होते. मकेन हनोईच्या तुरुंगात साडेपाच वर्षं काढलेले, हरले ओबामांकडून. सलग पाच निवडणुका! मतदारांना वर्दीसमोर उभं राहून सलाम करायला आवडतं, मत द्यायला आवडतंच असं नाही.

बरं, वर्दीवाला चांगला सेनापती होतो का? कार्टर नौदल अकादमीचे, पाणबुडीवरचे अधिकारी. इराणमध्ये तेहरानला ओलीस धरलेल्या अमेरिकनांना सोडवायला एप्रिल १९८० मध्ये त्यांनी मोहीम पाठवली. आठ हेलिकॉप्टरं निघाली, किमान सहा लागणार होती, वाळवंटात पोचल्यावर धड पाच उरली. जागेवरचे अधिकारी म्हणाले थांबवू या, कार्टरनी मान्य केलं. परत फिरताना टक्कर होऊन आठ जण गेले. थांबवायचा तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. टेबलावर पेशंट असताना ‘आज नको’ म्हणायला किती बळ लागतं ते मला माहीत आहे. पण त्या वर्षी लोकांनी निवडले रेगन, ज्यांनी दुसरं महायुद्ध सैन्यासाठी फिल्म बनवण्यात घालवलं होतं. लिंकन तर भर काँग्रेसमध्ये म्हणाले होते की माझ्या लष्करी कारकिर्दीत रक्त सांडलं ते डासांशी लढताना.

आता तू पेशंटांबद्दल विचारलंस. नाव, गाव काही सांगत नाही. व्हिएतनामहून आलेले एक जण होते, गुडघ्याच्या ऑपरेशनला आले होते. भूल द्यायच्या आधी मी सगळ्यांशी गप्पा मारते, घाबरलेला माणूस बोलता बोलता सैलावतो. ते म्हणाले, १९६४ मध्ये मी एकोणीस वर्षांचा होतो, तेव्हा मताचं वय २१ होतं. (१८ झालं ते १९७१ च्या घटनादुरुस्तीने.) वडील आयुष्यभराचे रिपब्लिकन, पण त्या वर्षी जॉन्सनना मत देऊन आले. घरी येऊन आईला म्हणाले, पोराचं काम करून आलो, आता तो कुठे जात नाही. १९६६ मध्ये हे व्हिएतनाममध्ये. मी विचारलं, वडील नंतर काय म्हणाले? म्हणाले, काही नाही, पण पुन्हा कधी मत द्यायला गेले नाहीत.

मग मी औषध दिलं, त्यांना शंभरापासून उलटं मोजायला सांगितलं. ब्याण्णवपर्यंत आले.


उंबरठा
४ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

गुंगीताई, माझा पहिला प्रतिसाद उडवता आला असता तर उडवला असता.


रिकामी_खुर्ची
४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१५

अवांतर: कसोटीचा सगळ्यात स्वस्त प्रकार राहिला. नोव्हेंबर १९९९, बॉस्टनच्या एका टीव्ही पत्रकाराने धाकट्या बुशची तोंडी परीक्षा घेतली. चेचन्या, तैवान, भारत, पाकिस्तान यांचे प्रमुख कोण? गडी तैवानच्या ‘ली’वर पास, पाकिस्तानसाठी नुसतं ‘जनरल’, आणि वाजपेयींचं नाव आलंच नाही. आपल्याकडे तेव्हा केवढी चर्चा! दोन वर्षांत त्याच बिननावाच्या जनरलला रोज फोन लावायची पाळी आली, आणि नाव पाठ झालं.

२०१६ मध्ये लिबर्टेरियन या छोट्या पक्षाचे उमेदवार गॅरी जॉन्सन, सीरियाच्या युद्धात होरपळणाऱ्या शहराबद्दल, ‘अलेप्पो म्हणजे काय?’ विचारून बसले तेव्हा ते मात्र तिथेच संपले. न कळण्याची शिक्षा पक्ष बघून मिळते असं दिसतं.


मृण्मयी_पेन
६ ऑक्टोबर, रात्री ९.४५

उशिरा येतेय, क्षमस्व. गुंगीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही.

मुलाने वहीतलं ते पान फाडलं आणि नवं केलंय. चार-चार गुण गेले. आता डाव्या बाजूला उमेदवार, आणि पुढे रकाने: पहिल्या दिवशी काय म्हणाले, आठवड्याभरात काय म्हणाले, कानाशी कोण. पहिले दोन त्याने इराणवरून भरले, एका संध्याकाळचं काम. तिसऱ्यात अडकलाय. सुरक्षा सल्लागार म्हणून कोणाला आणणार हे दोन्हीकडून कोणी सांगत नाही, वर्तमानपत्रात नुसते अंदाज. त्याने दोन्ही चौकटीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि मला म्हणाला, ‘आई, म्हणजे फोन कोण करणार तेच माहीत नाही?’

टपालाने मत द्यायचं ठरवलंय. लखोट्यात लखोटा घालायचा, बाहेरच्यावर सही आणि तारीख विसरायची नाही, आतला लखोटा विसरला तर मत बाद. कागद आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या वहीशेजारी ठेवीन. शेजारच्या आजोबांना उद्या चहाला बोलावलंय, ते कुठल्या साली कुठे होते हे सोळा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.